हिरड्याचा तुरटपणा आणि विज्ञान

भोर आणि वेल्हे (हल्लीचा राजगड तालुका) भागातील डोंगरउतारांवर हिरडा, आवळा, जांभूळ, करवंद आपोआप वाढतात. हिरडस मावळ हे तर येथील जुने नावच आहे. यांतील हिरडा व आवळा ज्या द्रव्यांमुळे तुरट लागतात, त्यांना टॅनिन म्हणतात. टॅनिने ही फिनॉलिक संयुगांपैकी होत.

टॅनिन प्रथिनांना घट्ट धरते. म्हणूनच हिरडा चघळला की तोंड आवळते आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवलेले कातडे कुजत नाही. कातडी कमावणाऱ्या कारागिरांना हे प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी ठाऊक होते. त्याचे श्रेय त्यांना मिळाले नाही ही गोष्ट वेगळी!

आता नव्या संशोधनाकडे वळू. शरीरात अन्नाचे ज्वलन होताना मुक्त मूलके नावाचे अस्थिर कण तयार होतात. ते शेजारच्या रेणूंचे इलेक्ट्रॉन ओढून घेतात व प्रमाणाबाहेर वाढल्यास पेशींना इजा करतात. फिनॉलिक संयुग त्यांना आपला हायड्रोजन अणू देऊन शांत करते आणि स्वतः बऱ्यापैकी स्थिर राहते. यालाच अँटिऑक्सिडंट गुण म्हणतात. तो तपासण्याची रीत सोपी आहे. वाळवलेल्या फळांची पूड अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढतात व तो डीपीपीएच या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात घालतात. जितक्या थोड्या अर्काने जांभळा रंग उतरून पिवळा होईल, तितका अर्क प्रभावी. गॅलिक व चेब्युलॅजिक आम्लांमुळे हिरडा या परीक्षेत चांगलाच उतरतो.

परंतु परीक्षानळी म्हणजे माणसाचे शरीर नव्हे. पोटात गेलेले बरेचसे टॅनिन जसेच्या तसे रक्तात पोहोचत नाही. तेव्हा एवढ्याच आधारावर मधुमेह किंवा कर्करोग हमखास बरा करू म्हणणाऱ्या बाटल्यांवर विसंबून कोणीही चालू औषधोपचार थांबवू नयेत, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

आणखी एक गोष्ट भगिनींसाठी. लोखंडी विळीवर चिरलेला आवळा काळा पडतो, हे आपण पाहतोच. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाईही अशीच होते, कारण टॅनिन लोहाला बांधून ठेवते. चहातील फिनॉलिक द्रव्ये पोटात हेच करतात. म्हणून रक्त कमी असणाऱ्यांनी जेवणाला लागून चहा घेऊ नये आणि आरोग्य केंद्रातून मिळालेली लोहाची गोळी चहासोबत न घेता पाण्यासोबत घ्यावी.