कल्पना तुमची, विषय ब्रसेल्सचा

युरोपीय संघाने २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी ‘होरायझन युरोप’ हा संशोधन कार्यक्रम आखला तेव्हा त्याच्या तिजोरीत सुमारे साडेपंच्याण्णव अब्ज युरो होते. २०२४मध्ये त्यातले दोन अब्ज आणि थोडे वर असे कापले गेले, तरी रुपयांत हा आकडा नऊ लाख कोटींच्या घरात जातो. यातला सुमारे पंधरा अब्जांचा वाटा ‘डिजिटल, उद्योग आणि अंतराळ’ या गटाचा. कृत्रिम बुद्धिमत्ता, चिप, रोबो, क्वांटम संगणक, सहाव्या पिढीचं मोबाइल जाळं ही मंडळी मुख्यतः इथे राहतात.

एवढा पैसा म्हटल्यावर संगणकशास्त्राच्या कोणत्याही प्राध्यापकाचे कान टवकारणारच. मग पहिली चूक होते. आपल्याकडे एक चांगली कल्पना आहे, ती नीट लिहून पाठवू, असं तो ठरवतो. या कार्यक्रमाच्या मुख्य वाटेवर काम नेमकं उलट्या दिशेने चालतं. विषय आधी ठरलेला असतो आणि कल्पनेने त्यात बसायचं असतं.

युरोपीय आयोग साधारण दोन वर्षांचा ‘वर्क प्रोग्रॅम’ प्रसिद्ध करतो. त्यात एकेक ‘टॉपिक’ दीड-दोन पानांचा असतो. कोणते परिणाम अपेक्षित आहेत, कामाची व्याप्ती किती, साधारण किती प्रकल्पांना पैसे द्यायचे, प्रत्येकाला किती आणि तंत्रज्ञान आज कोणत्या पायरीवर असावं, प्रकल्प संपताना कुठे पोचलेलं असावं हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. पायऱ्या एक ते नऊ. पहिलीवर मूलभूत तत्त्व दिसलेलं असतं, नववीवर यंत्रणा प्रत्यक्ष वापरात असते. तिसऱ्या पायरीवरचं काम पाचवीवर नेणारा प्रकल्प मागितला असताना बाजारात उतरायला तयार असलेलं उत्पादन घेऊन जाणारा अर्जदार जितका चुकतो, तितकाच नुसता सिद्धांत घेऊन जाणाराही. ही दोन पानं ओळ न ओळ वाचणं हे अर्जातलं सर्वांत मोठं काम आहे, आणि बहुतेक जण तेच घाईघाईत उरकतात.

हे असं का, याचं उत्तर चार दशकांपूर्वीचं आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिका संगणकात पुढे होती आणि जपानने १९८२मध्ये पाचव्या पिढीच्या संगणकाचा मोठा प्रकल्प हाती घेतला होता. युरोपात मात्र प्रत्येक देश आपापल्या लाडक्या कंपनीला घरच्या घरी दूध पाजत होता. जर्मनीची सीमेन्स, हॉलंडची फिलिप्स, इटलीची ऑलिव्हेट्टी, फ्रान्सची बुल. या कंपन्या एकमेकींशी बोलायच्याही नाहीत. बेल्जियमचे एत्येन दाविन्यों तेव्हा युरोपीय आयोगात उद्योगखातं पाहत होते. त्यांनी अशा बारा बड्या कंपन्यांच्या प्रमुखांना एका टेबलाभोवती बसवलं. त्यातून १९८३मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि १९८४मध्ये पूर्ण ताकदीने ‘एस्प्रि’ हा माहिती तंत्रज्ञानाचा संशोधन कार्यक्रम उभा राहिला. सीमेपलीकडचा भागीदार घेतल्याशिवाय पैसा नाही, ही अट तेव्हापासूनची.

आज ती अट अशी आहे: किमान तीन स्वतंत्र संस्था, तीन वेगवेगळ्या देशांतल्या. त्यातली निदान एक युरोपीय संघाच्या सदस्य देशातली, बाकीच्या सदस्य किंवा ‘संलग्न’ देशांतल्या. नॉर्वे, तुर्कस्तान, इस्रायल हे संलग्न. बाहेर पडलेलं ब्रिटनही १ जानेवारी २०२४पासून याच दाराने परत आलं. बाहेरून पाहणाऱ्याला ही अट म्हणजे कागदी अडचण वाटते, पण कार्यक्रमाचा मूळ हेतूच ती आहे. शोध लागावा हे तर आहेच, पण स्वीडनचं विद्यापीठ आणि पोर्तुगालची छोटी कंपनी तीन-चार वर्षं एका कामाला जुंपली जावी, हेही ब्रसेल्सला तितकंच हवं असतं.

तीन हा झाला कायद्याचा आकडा. प्रत्यक्षात डिजिटल विषयांवरच्या अर्जांत आठ-दहा, कधी पंधरा भागीदार असतात. हा ‘कन्सोर्शियम’ जमवणं म्हणजे जुन्या पद्धतीने लग्न जमवणं: मध्यस्थ लागतात, घराण्याची चौकशी होते आणि देण्याघेण्याची बोलणी शेवटच्या आठवड्यापर्यंत चालतात. मध्यस्थांचं काम ‘नॅशनल कॉन्टॅक्ट पॉइंट’ करतात; प्रत्येक देशाने नेमलेली ही माणसं फुकट सल्ला देतात. चौकशीसाठी ‘कॉर्डिस’ हे आयोगाचं खुलं भांडार आहे. मागच्या कोणत्या प्रकल्पाला किती पैसा मिळाला आणि त्यात कोण कोण होतं, हे त्यात कुणालाही पाहता येतं. तासभर ते चाळलं की तीच तीच नावं पुन्हा पुन्हा दिसू लागतात. जर्मनीची फ्राउनहोफर, फ्रान्सची सीएनआरएस, बेल्जियमचं ल्यूव्हन विद्यापीठ. नवख्याने स्वतः समन्वयक होण्याचा हट्ट न धरता अशा जुन्या खेळाडूच्या संघात एखादं नेमकं काम घेऊन शिरावं, हे माझं मत. समन्वयकाच्या वाट्याला संशोधनापेक्षा हिशेब आणि पत्रव्यवहार जास्त येतो.

संघात शोभेचे भागीदार चालत नाहीत. अल्गोरिदम लिहिणारं विद्यापीठ हवं, ते यंत्रणेत बसवणारी कंपनी हवी आणि ती वापरून पाहणारं रुग्णालय, बंदर किंवा नगरपालिकाही हवी. ही शेवटची जागा बहुधा सगळ्यांत उशिरा भरली जाते, आणि अर्ज तिथेच लंगडा पडतो.

अर्जाचे भाग दोन. पहिला म्हणजे पोर्टलवरचे तक्ते: संस्थेचा नऊ अंकी क्रमांक, खर्च, नैतिकतेची प्रश्नावली. दुसरा म्हणजे खरा प्रस्ताव, आणि तो साधारण चाळीस-पंचेचाळीस पानांत संपवायचा. आधीच्या ‘होरायझन २०२०’मध्ये सत्तर पानं मिळत. मर्यादेबाहेरची पानं परीक्षक वाचतच नाहीत.

परीक्षण तीन निकषांवर होतं: उत्कृष्टता, परिणाम आणि अंमलबजावणी. प्रत्येकाला पाच गुण, प्रत्येकात किमान तीन हवेत, एकूण पंधरापैकी दहा. दहाला अर्ज उत्तीर्ण होतो, पण त्याला पैसा मिळतोच असं नाही. चुरशीच्या विषयात तेरा-चौदाच्या खाली सहसा काही हाती लागत नाही, आणि तिथे अर्ध्या गुणाला जीव जातो. विद्यापीठीय मंडळी उत्कृष्टतेवर सगळी ताकद लावतात आणि गुण गमावतात ‘परिणाम’ या भागात. तुमचं सॉफ्टवेअर प्रकल्प संपल्यावर कोण वापरणार, त्याचा परवाना कोणता, तुमची पद्धत कोणत्या मानकसंस्थेपुढे नेणार, विदा कुठे राहणार, असे प्रश्न तिथे असतात. ‘समाजाला मोठा फायदा होईल’ असल्या वाक्याला तिथे शून्य किंमत. उलट अमुक बंदरात आज कंटेनर तपासायला किती वेळ लागतो आणि तो किती कमी होईल, हे मोजून सांगितलं की परीक्षकाला धरायला काहीतरी मिळतं. बाजाराच्या जवळ जाणाऱ्या ‘इनोव्हेशन ॲक्शन’ प्रकारात तर क्रमवारी लावताना या निकषाचे गुण दीडपट धरले जातात.

परीक्षक म्हणजे कोणी गूढ समिती नव्हे. किमान तीन तज्ज्ञ अर्ज वेगवेगळे वाचतात, मग एकत्र बसून एकमत करतात. हे तज्ज्ञ आयोगाच्या यादीतून निवडले जातात आणि त्या यादीत जगातल्या कुणालाही नाव नोंदवता येतं, भारतीयांनाही. मानधन मिळतं ते वेगळंच, पण दुसऱ्यांचे दहा अर्ज वाचले की आपला कुठे कंटाळवाणा होतो ते लगेच कळतं. अर्ज लिहायला शिकवणारी याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

सगळेच दरवाजे मात्र ‘विषय आमचा’ म्हणणारे नाहीत. युरोपियन रिसर्च कौन्सिल एकट्या संशोधकाला पैसा देते, विषय ज्याचा त्याचा आणि निकष एकच: उत्कृष्टता. ‘पाथफाइंडर ओपन’ ही योजना धाडसी, कच्च्या कल्पनांसाठी आहे. तिचं मूळही जुन्या माहिती तंत्रज्ञान कार्यक्रमातलंच. पण मोकळीक तिथे गर्दी. २०२४मध्ये पाथफाइंडर ओपनला १,११० अर्ज आले आणि ४५ निवडले गेले.

आता आपला प्रश्न. २००६मध्ये सुरू झालेल्या ‘ईयू-इंडियाग्रिड’ या प्रकल्पात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि पुणे विद्यापीठ युरोपीय संस्थांबरोबर भागीदार होते. दोन्हीकडची संगणक-जाळी जोडणं हे काम. युरोपच्या अशा संशोधन कार्यक्रमांच्या मालिकेतल्या सातव्या, म्हणजे २००७ ते २०१३च्या कार्यक्रमातही भारतीय संस्थांना थेट निधी मिळू शकत होता. २०१४पासून ते दार अरुंद झालं. चीन, ब्राझील, रशिया, मेक्सिको यांच्याबरोबर भारतही आपोआप निधी मिळणाऱ्यांच्या यादीतून वगळला गेला. भारतीय संस्था आजही कन्सोर्शियममध्ये येऊ शकते, पण बहुधा स्वतःच्या किंवा भारत सरकारच्या पैशाने. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्ता, क्वांटम, चिप अशा काही विषयांत सुरक्षेचं कारण देऊन बाहेरच्या देशांना सहभागच नाकारलेला असतो.

व्यक्तीला मात्र ही आडकाठी नाही. आयोग संस्था कोणत्या देशातली ते पाहतो, माणसाचा पासपोर्ट नाही. आइंडहोवनच्या प्रयोगशाळेत बसलेला साताऱ्याचा अभियंता त्या संस्थेच्या अर्जाचा प्रमुख होऊ शकतो. नुकतीच पीएचडी झालेल्यांसाठी मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पाठ्यवृत्ती हा सर्वांत सरळ मार्ग. पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपेक्षा जास्त नसावा, आणि ज्या देशात जायचं तिथे मागच्या तीन वर्षांत बारा महिन्यांहून अधिक राहिलेलं नसावं. प्रस्ताव दहा पानांचा, आणि युरोपातला मार्गदर्शक आधी स्वतः शोधायचा. गर्दी मात्र वाढते आहे. २०२४मध्ये १०,३६० अर्ज होते, २०२५मध्ये १७,०५८. यातल्या किती जणांनी चॅटबॉटकडून प्रस्ताव लिहून घेतला, याची चर्चा ब्रसेल्समध्ये रंगलेली असते. नियम एवढाच, की यंत्राने लिहिलेल्या चुकीची जबाबदारी अर्जदाराची.

मुदत ब्रसेल्सच्या संध्याकाळी पाचला संपते, म्हणजे भारतात उन्हाळ्यात रात्री साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ. पोर्टलवर अर्ज कितीही वेळा बदलून टाकता येतो, म्हणून अनुभवी लोक कच्चा मसुदा दोन दिवस आधीच चढवून ठेवतात. निकाल साधारण पाच महिन्यांत येतो, करार आठव्या महिन्यात होतो. नकाराबरोबर परीक्षकांचा अहवाल येतो. तीस दिवसांत तक्रार करता येते, पण ती प्रक्रियेतल्या चुकीबद्दल. परीक्षकाचं मत पटलं नाही, हे कारण चालत नाही.

आणि ते टॉपिक मुळात लिहितं कोण? आयोगाचे अधिकारी, सदस्य देशांच्या प्रतिनिधींची समिती, आणि मोबाइल जाळी, चिप, रोबो यांच्या उद्योगसंघटना. या संघटना वर्षानुवर्षं आपले आराखडे ब्रसेल्सपुढे मांडत असतात. टॉपिक जाहीर होतो त्या दिवशी त्यातली काही वाक्यं त्यांना ओळखीची वाटतात. पुढच्या कार्यक्रमासाठी, म्हणजे २०२८ ते २०३४साठी, आयोगाने जुलै २०२५मध्ये १७५ अब्ज युरोंचा प्रस्ताव ठेवला. त्यातल्या टॉपिकांवर अर्ज करणारे जुने संघ अर्जांची पहिली मागणी निघण्याची वाट पाहत बसणार नाहीत. ते या संघटनांच्या बैठकांना आधीपासूनच हजेरी लावतात.