सोन्याच्या पाण्याखालचा पारा

धातुकलेचा वारसा : लेखांक ९

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात फ्रान्समधील सरदार घराण्यांच्या मेजवानीत टेबलाच्या मध्यावर जो मुलामा दिलेला कांस्याचा साज मांडला जाई, त्याला फ्रेंचमध्ये ‘स्युर्तू द ताब्ल’ म्हणतात. आरशाचा तळ आणि कडेने नक्षीदार कठडा असलेली ही लांबट बैठक अनेक भाग जोडून तयार होत असल्यामुळे पाहुण्यांच्या संख्येप्रमाणे ती वाढवता किंवा आखडता येई; तिच्यावर फळांच्या परड्या, मूर्ती आणि शमादाने ठेवली जात आणि खालच्या आरशामुळे मेणबत्त्यांचा उजेड दुणावत असे. पिएर-फिलिप तोमीर (१७५१–१८४३) हा या कामातला अग्रगण्य कारागीर होता. पॅरिसच्या देनिएर व मातलँ यांच्याकडून १८१७ साली अमेरिकेच्या व्हाइट हाउससाठी घेतलेली सात भागांची अशी बैठक आजही तेथे आहे. मराठी घराण्यांत या साजाचा दूरचा नातलग ग्वाल्हेरला सापडतो : शिंद्यांच्या १८७४ च्या जयविलास महालात भोजनाच्या टेबलावर रूळ टाकून त्यांवरून चांदीची छोटी आगगाडी मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन फिरवली जाई, आणि सुरई उचलताच ती थांबे.

अशा साजाचे सौंदर्य जितके आकारात असते तितकेच त्याच्या पृष्ठभागात असते, म्हणून तो पृष्ठभाग कसा घडला हे जाणून घेतल्याशिवाय त्याचे मोल नीट कळत नाही. ओतीव कांस्याचा भाग आधी छिन्नीने रेखीव करून आम्लाने धुतला जाई आणि सोने नीट धरावे म्हणून त्याला पाऱ्याच्या नायट्रेटचे द्रावण फासले जाई. तापवलेले सोने पाऱ्यात विरघळवले की लोण्यासारखा मऊ लगदा तयार होतो; त्याला पारदमेल म्हणतात. हा लगदा पितळी तारांच्या कुंचल्याने पसरून वस्तू कोळशाच्या विस्तवावर धरली जाई, तेव्हा पारा वाफ होऊन निघून जाई आणि सोने कांस्याला घट्ट धरून राही. मग काही जागा अकीकाच्या दगडाने घोटून चकचकीत केल्या जात, तर काही जागा मुद्दाम मंद ठेवल्या जात. या दोहोंच्या विरोधातून मूर्तीचे अंग आणि तिचे वस्त्र वेगळे उठून दिसे.

वाफ झालेला पारा मात्र कारागिराच्या फुप्फुसांत जाई. हात थरथरणे, हिरड्या सुजणे, दात पडणे हे मुलामेकारांचे नेहमीचे दुखणे होते. पॅरिसचा नामांकित कांस्यकार आंत्वान-आंद्रे राव्रियो (१७५९–१८१४) याने या कामगारांना पाऱ्यापासून वाचवणारी रीत शोधणाऱ्यासाठी मृत्युपत्रात ३,००० फ्रँकचे पारितोषिक ठेवले आणि १८१८ साली ते रसायनज्ञ दार्से याला मिळाले. दार्सेने मुलाम्याच्या भट्टीवर झाकण व धुराडे बसवून धुराड्यात वेगळी आग पेटती ठेवली, तिच्या उष्णतेने वर ओढ निर्माण झाली आणि पाऱ्याची वाफ कारागिराच्या तोंडाकडे न येता बाहेर जाऊ लागली. ज्याची भरभराट या झळाळीवर झाली त्यानेच तिच्यासाठी झिजणाऱ्यांची जबाबदारी घ्यावी, ही या इतिहासातली सर्वांत आदरणीय गोष्ट आहे.

बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विद्युत् विलेपनाचे पेटंट घेतले आणि १८४२ मध्ये फ्रान्सपुरते त्याचे हक्क शार्ल क्रिस्तोफ्ल याने मिळवले. या रीतीत सोन्याच्या सायनाइडयुक्त द्रावणात वस्तू टांगून विजेचा प्रवाह सोडला की सोने तिच्यावर बसते आणि पाऱ्याची गरज उरत नाही. जुन्या वस्तूची क्ष-किरण प्रतिदीप्ती तपासणी केली असता पाऱ्याचा अंश आढळला, तर मुलामा बहुधा जुन्या रीतीचा असल्याचे न खरवडता कळते.

याच विद्युत् विलेपनाचे असंख्य छोटे कारखाने आज बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात आहेत. तेथे जिगवर, म्हणजे वस्तू अडकवण्याच्या चौकटीवर, टांगलेले यंत्रांचे आणि विद्युत उपकरणांचे सुटे भाग एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जातात आणि त्यांच्यावर जस्त, निकेल, क्रोमियम, क्वचित चांदी-सोनेही चढते. क्रोमियमच्या टाकीत उठणारे बुडबुडे आम्लाचे तुषार हवेत उडवतात, म्हणून टाकीच्या काठाशी शोषणनळ्या लावतात. तत्त्व दार्सेच्या धुराड्याचेच आहे. पाण्याचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण धुण्याच्या पाण्यातून षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे या धातूचे पाण्यात सहज विरघळणारे विषारी रूप, जमिनीत मुरते आणि पीण्याच्या भूजलात ते आढळलेलेही आहे. आम्लयुक्त पाण्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालून त्याचे कमी घातक त्रिसंयुजी रूप केले आणि मग चुना मिसळला, तर क्रोमियम गाळ होऊन खाली बसते. तो गाळही सुरक्षित ठिकाणीच पुरावा लागतो. एवढी व्यवस्था चार-पाच टाक्यांच्या कारखान्याला एकट्याने झेपत नाही. म्हणून सामाईक शुद्धीकरण केंद्रे आवश्यक आहेत, आणि येथून विलेपित भाग विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी राव्रियोप्रमाणे त्या खर्चाचा वाटा उचलायला हवा.