घोडी गेली, बाबा जेवत नाहीत: एका श्रोत्याच्या प्रश्नाचं उत्तर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलण्याच्या ओघात आलेली काही वाक्यं तशीच ठेवली आहेत, सांभाळून घ्या.

आजचा विषय मी निवडलेला नाही, तो एका निरोपातून आला. आपल्या नागपुरातलेच एक श्रोते आहेत, नाव सांगत नाही. त्यांच्या वडिलांचा वरातीला घोडी देण्याचा धंदा. एकच घोडी होती, अठरा वर्षं सोबत होती. पंधरा दिवसांपूर्वी रात्रीतून पोटशूळ झाला आणि पहाटेपर्यंत ती गेली. तेव्हापासून वडील रोज चार वाजता उठतात, रिकाम्या ठाणात जाऊन बसतात. जेवण जात नाही. श्रोते लिहितात, "लोक म्हणतात, जनावरच होतं ना, दुसरं घ्या. मलाही तसंच वाटतं, पण बाबांना कसं सांगू कळत नाही."

खरं सांगतो, हा निरोप वाचून मी दोन दिवस काही बोललो नाही. कारण "दुसरी आणा ना" हे वाक्य लहानपणी मी स्वतः म्हटलं होतं, माझ्या आजोबांना.

आजोबा टांगा चालवायचे. स्टेशनवरून सवारी घ्यायची, सीताबर्डी, महाल, इतवारी. त्यांची घोडी रामी. ती गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. मी सहज म्हणालो आणि आजोबा फक्त एवढंच म्हणाले, "काहून बे, तुझी आजी गेली तवा दुसरी आणली का मी?" पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. मला वाटायचं, आजोबा चिडले. ते चिडलेले नव्हते, हे कळायला फार वर्षं गेली.

हे नातं नेमकं कशाचं असतं?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. घोडा हा कळपातला, शिकार होणारा प्राणी. आजूबाजूला कोण घाबरलंय, कोण शांत आहे, हे ओळखण्यावरच त्याचा जीव टिकून राहिलेला. म्हणून तो माणसालाही तसाच वाचतो.

स्वीडनमध्ये २००९ साली लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. माणसांनी घोड्याला धरून ठरलेल्या अंतरावर ये-जा करायची. काही फेऱ्या झाल्यावर त्यांना सांगितलं, आता बाजूला अचानक छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही वाढले. घोड्याला तर छत्रीचं कोणी काही सांगितलं नव्हतं! २०१६ साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात २८ घोड्यांना अनोळखी माणसांचे फोटो दाखवले, काही हसऱ्या चेहऱ्याचे, काही रागावलेल्या. रागावलेला चेहरा पाहताना घोडे तो जास्त करून डाव्या डोळ्याने पाहत होते आणि त्यांचे ठोकेही लवकर वाढत होते.

आता विचार करा. अठरा वर्षं रोज खरारा, रोज चंदी, नाल बदलताना पाय मांडीवर घेणं. वरातीत फटाके फुटताहेत, बँड वाजतोय, वर नवरदेव घाबरून बसलाय, आणि लगाम धरलेला तुमच्या बाबांचा हात शांत आहे म्हणून घोडी शांत आहे. हे रोज जगलेलं नातं आहे. घरातल्या माणसांनाही जे कळलं नसेल ते त्या जनावराला कळत होतं. ते गेल्यावर माणूस रिकाम्या ठाणात जाऊन बसतो, यात वेड लागल्यासारखं काही नाही.

नागपूरच्या मातीतली जुनी गोष्ट

"जनावरच होतं ना" म्हणणाऱ्यांना एकदा काटोल रोडने जुनापाणीकडे न्या. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथे मोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. ही महापाषाण काळातली दफनं, साधारण अडीच हजार वर्षांहून जुनी. माहूरझरी आणि टाकळघाट-खापा इथे शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खननं झाली. तिथे माणसांच्या अवशेषांसोबत घोड्यांचे अवशेष मिळाले. लोखंडी लगामाच्या कड्या मिळाल्या. आणि घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने मिळाले.

यात गोड काही नाही, हेही सांगायला हवं. मालक गेला म्हणून त्याचा घोडा मारून सोबत पुरत असावेत. तेव्हा मला ते दागिने बघून भरून येतं आणि घोड्याचा विचार करून वाईटही वाटतं. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. या भागातल्या माणसाला मरणाच्या वेळी घोडा हा सामानातला एक नग वाटत नव्हता.

पुढे भोसल्यांच्या काळात या! मराठी फौजेत दोन प्रकारचे स्वार. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतला घोडा मिळतो तो बारगीर. शिलेदाराचा मान आणि पगार जास्त. त्याचा घोडा पडला आणि दुसरा घेण्याची ऐपत नसली की मान, कमाई, ओळख, सगळंच पणाला. तुमच्या बाबांचंही तेच झालंय. सोबत गेली, रोजी गेली, आणि "घोडीवाले" ही चार गल्ल्यांतली ओळखही गेली. दुःख एक नाही, तीन आहेत. म्हणून "दुसरी घ्या" याने फार तर एकाचं उत्तर मिळतं.

"माझ्यामुळे गेली" हा सल

निरोपात एक ओळ होती, बाबा म्हणतात मीच लक्ष दिलं नाही. यावर थोडं थांबतो.

घोड्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं परत येत नाही. जठर शरीराच्या मानाने लहान, आतडी मात्र वीस मीटरहून लांब, आणि ती पोटात बरीच मोकळी. वायू धरला, चारा अडकला किंवा आतड्याला पीळ पडला की काही तासांत जीव जाऊ शकतो. घोडा पुन्हा पुन्हा कुशीकडे वळून बघतो, पायाने जमीन उकरतो, लोळतो, घाम फुटतो, लीद थांबते. ही लक्षणं दिसली की घरगुती उपायात वेळ न घालवता पशुवैद्याला बोलवायचं, हे सगळ्या घोडेवाल्यांनी लक्षात ठेवा. पण पीळ पडलेला असेल तर ऑपरेशनशिवाय बहुतेक वेळा इलाज नसतो, आणि घोड्याच्या पोटाचं ऑपरेशन मध्यरात्री प्रत्येकाच्या आवाक्यात नसतं. बाबांना हे समजावून सांगा. ते रात्रभर तिच्याजवळ होते, हे तुम्हीच लिहिलंय. ते कमी नाही.

मग बरं कसं व्हायचं?

घोड्यामुळे माणूस बरा होतो, असं हल्ली खूप ऐकू येतं. त्यातलं पक्कं काय ते सांगतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला, गुडघ्याखाली ताकद राहिली नाही. घोड्यावर बसवायला-उतरवायला माणूस लागायचा. त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ज्युबिली नावाच्या घोडीवर बसून ड्रेसाजमध्ये रौप्यपदक जिंकलं. त्यानंतर अपंग व्यक्तींसाठी घोडेस्वारीचे उपचार जगभर वाढले. त्यामागचं कारण सोपं आहे. घोडा चालतो तेव्हा बसणाऱ्याची कंबर पुढे-मागे, वर-खाली आणि बाजूला अशी हलते, जवळजवळ आपण चालतो तशीच. त्यामुळे सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांचा तोल सुधारायला मदत होते. मनाच्या दुखण्याबाबतचे अभ्यास मात्र लहान आहेत, तेव्हा घोडा म्हणजे औषध असं मी म्हणणार नाही.

पण आजोबांचं काय झालं ते सांगतो. रामी गेल्यावर दोनेक महिन्यांनी स्टँडवरचा एक टांगेवाला आपला घोडा घेऊन दारात आला. म्हणाला, "काका, हा पाय टेकवून नाही राहिला, जरा पाहता का?" आजोबा उठले, खूर हातात घेतला, नालेखाली रुतलेला खडा काढला. दुसऱ्या दिवशी आणखी एक जण आला. मला आता वाटतं, त्या मंडळींनी ते ठरवून केलं होतं. आजोबांनी पुन्हा घोडी घेतली नाही. पण रोज सकाळी स्टँडवर जाऊन कोणाच्या तरी घोड्याला खरारा करून यायचे. दसऱ्याला तिथल्या सगळ्या घोड्यांना झेंडूचे हार तेच घालायचे. आणि एके दिवशी त्यांनी मला सोबत नेलं. तेव्हापासून बोलणं परत सुरू झालं.

म्हणून माझं उत्तर असं: दुसऱ्या घोडीची घाई करू नका, पण बाबांचे हात रिकामे ठेवू नका. ओळखीच्या एखाद्या घोडेवाल्याला सांगा, सकाळी त्यांना मदतीला बोलवा म्हणावं. सल्ला मागावा, दया दाखवू नये. ज्यांच्या ठाणात दोन घोडे होते आणि एक गेलाय, त्यांनी मागे राहिलेल्याकडेही बघा. तो हाका मारेल, शोधेल, चारा सोडेल. चारा सोडणं घोड्याला महागात पडतं, तेव्हा दुर्लक्ष नको.

आणि बाबांचं जेवण-झोप अशीच राहिली, जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागले, तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास असते.

शेवटचं एक. एवढ्या मोठ्या निरोपात तुम्ही घोडीचं नाव लिहिलं नाही. उद्या पहाटे बाबा ठाणात जातील तेव्हा चहा घेऊन शेजारी बसा, आणि ती घरी आली तो दिवस कसा होता ते विचारा. मी आजोबांना ते कधी विचारलं नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.