दिवाणखान्यांतील लोहमार्ग

गेल्या श्रावणांत आमच्या दिवाणखान्यांतील लहान आगगाडी एकाएकीं रुसली. वीतभर जावें, थांबावें, बोटाचा धक्का मिळतांच पुन्हा चालावें, असा तिचा क्रम सुरू झाला. ही गाडी आजोबांनीं १९६४ सालीं विलायतेहून आणलेली; तिचे सुटे भाग आज सहसा मिळत नाहींत. तरी आमचे चिरंजीव पेचकस घेऊन इंजिन खोलण्यास बसलेच होते. सुदैवानें वडिलांनीं त्यांस थांबविलें व रुळावरून बोट फिरविलें. बोट काळें झालें! दुखणें इंजिनास नसून मार्गास होतें.

या 'ओओ' मापाच्या गाडीच्या रुळांतील अंतर अवघें १६.५ मिलिमीटर असतें. तिला लागणारी १२ व्होल्टपर्यंतची वीज रुळांतून चाकांत व चाकांतून मोटारींत जाते. अर्थात् चाक व रूळ यांचा स्पर्श होणारा तो इवलासा ठिपका मळला, कीं वीज अडते. धूळ, सतरंजीचे तंतु, स्वयंपाकघरांतील तेलकट वाफ आणि इंजिनास हौसेनें घातलेलें जादा तेल यांचा थर रुळावर बसतो. चाकाखालीं उडणाऱ्या सूक्ष्म ठिणग्यांनीं त्यांत काळ्या मळाची भर पडते.

उपाय सोपा आहे. प्रथम वीज बंद करावी. तंतु न सुटणाऱ्या सुती फडक्यावर थोडें आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रुळांचा माथा व आंतली कड पुसावी. फडकें स्वच्छ निघेपर्यंत घडी पालटीत जावें. चाकेंहि तशींच पुसावींत, नाहीं तर तीं पुसलेले रूळ पुन्हा मळवितात. हें द्रव्य ज्वालाग्राही आहे. म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्या, देवघरांतील समईपासून दूर बसावें, आणि तें पूर्ण उडून गेल्यावरच वीज सोडावी.

कांचकागद मात्र कधींहि वापरूं नये. त्यानें रूळ क्षणभर चकाकतो. पण पडलेल्या ओरखड्यांत पुढें मळ अधिकच घट्ट बसतो, आणि ते ओरखडे कायमचे असतात. लोखंडी काथ्याहि वर्ज्य समजावा. त्याचे तंतु मोटारींतील लोहचुंबकास जाऊन चिकटतात. इंजिनास तेल द्यावयाचें तें सुईच्या टोकावर राहील एवढेंच.

गाडी सर्वत्र अडखळत असेल तर मळाचा संशय घ्यावा. नेहमीं एकाच जागीं अडत असेल तर तेथील रुळांचा सांधा ढिला झाला आहे कीं काय, तें पाहावें.

पुण्यास कोथरूड येथें भाऊ जोशी यांचें लहान आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. तेथील गाड्या पाहून आमच्या चिरंजीवांस हा छंद लागला. पण गाडी चालविणें आणि गाडी राखणें या दोन विद्या आहेत, हें त्यांस घरींच कळलें. आतां दर रविवारीं पेचकस पेटींत राहतो आणि फडकें बाहेर निघतें. आजोबांची गाडी पूर्ण फेरा न थांबतां घेते.