गॅस, पेट्रोल आणि आईचं खोबरं

शहर बदलताना टीव्ही-फ्रिजची काळजी सगळेच घेतात. पण ट्रकमध्ये काय चढवायचं नाही, हे कोण बघतं?

नवी ऑफर, नवं शहर, पगारात झक्कास वाढ. सेंड-ऑफ पार्टीही झाली. आता उरलं घर हलवणं. पॅकर्सचा माणूस येतो, घरभर नजर फिरवतो, कोटेशन देतो आणि एक छापील कागद पुढे करतो. त्यात बारीक अक्षरांत ‘या वस्तू नेल्या जाणार नाहीत’ अशी यादी असते. आपण सही ठोकून मोकळे!

मैत्रिणीचं घर पुण्याहून गुरुग्रामला हलवायला मी मदतीला गेले, तेव्हा ही यादी आम्ही मुद्दाम वाचली. त्यातल्या निम्म्या वस्तू तिच्या किचनमध्ये आणि बाल्कनीतच निघाल्या.

सिलिंडर तुमचा नाहीच

‘रिकामाच आहे हो’ म्हणत सिलिंडर चादरीत गुंडाळून देणारे कमी नाहीत. पण रिकाम्या सिलिंडरमध्येही थोडा गॅस उरतोच. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला, तर बंद ट्रकमध्ये तळाशी साचून राहतो. मग एक ठिणगी पुरते.

मुळात सिलिंडर कंपनीचा असतो, आपण भरतो ते फक्त डिपॉझिट. म्हणून सोपा फंडा : सिलिंडर, रेग्युलेटर आणि कनेक्शनचे कागद एजन्सीत जमा करा, डिपॉझिट परत घ्या आणि टर्मिनेशन व्हाउचर मागून घ्या. नव्या शहरातल्या एजन्सीत ते दाखवलं की पुढचं कनेक्शन मिळतं.

ट्रेनमधून न्यायचा विचारही नको. रेल्वे कायदा १९८९च्या कलम १६४ नुसार धोकादायक वस्तू बेकायदा नेल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २६ ऑगस्ट २०२३ला मदुराईत उभ्या असलेल्या पर्यटकांच्या डब्याला आग लागून ९ जणांचा जीव गेला. डब्यात चोरून आणलेल्या सिलिंडरमुळे ती लागली, असं रेल्वेने सांगितलं होतं.

टाकी कोरडी करा

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बाइक द्यायची, तर टाकी रिकामी लागते. ट्रकने पाठवतानाही तोच नियम पाळा. ‘तिकडे पंपापर्यंत जाण्यापुरतं राहू दे’ म्हणून ठेवलेलं पेट्रोल बंद ट्रकमध्ये वाफ सोडत राहतं. पेट्रोल मेकॅनिककडूनच काढून घ्या.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत अ‍ॅसिड असतं. पॅकर्स ती न्यायला तयार असतील, तर टर्मिनलवर टेप लावून ती उभीच ठेवायला सांगा आणि गाद्यांपासून लांब.

बाथरूममधले डिओही विसरू नका. त्यांतला गॅस बहुतेकदा ब्युटेन-प्रोपेन, म्हणजे सिलिंडरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ. कॅनवरच लिहिलेलं असतं, ५० अंशांवर तापू देऊ नका. मे महिन्यातला बंद ट्रक आठवा! नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, उरलेला रंग हेही पेट घेणारेच. वॉचमनला नाही, वापरणाऱ्या कुणाला तरी विचारून द्या.

बाटल्या आणि गुजरात

पुणे-मुंबईहून दिल्लीकडे जाणारा ट्रक सहसा गुजरातमधून जातो, आणि तिथे दारूबंदी आहे. गिफ्ट मिळालेली स्कॉच ‘किचन’ लिहिलेल्या खोक्यात घातली, तर तपासणीत अडकेल तो ड्रायव्हर. गाडीही जप्त होऊ शकते. तेव्हा बाटली इथेच मित्रांच्या हवाली करा. मित्र नाही म्हणणार नाहीत.

विमानात बसताना

सामान ट्रकने आणि आपण विमानाने, हा नेहमीचा प्लॅन. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही. ती केबिन बॅगेत ठेवायची, तीही १०० वॉट-अवरपर्यंतची, म्हणजे साधारण २७,००० एमएएचची. आणि आईने ‘तिकडे चांगलं मिळत नाही’ म्हणून दिलेलं सुकं खोबरं? २०२२पासून चेक-इनच्या मनाई यादीत तेही आहे. तेलकट खोबरं साठून राहिलं की आपोआप तापू शकतं, हे त्यामागचं कारण. ते खुशाल ट्रकमध्ये घाला!

खोक्यात काय आहे हे आपल्यालाच ठाऊक असतं. ट्रकच्या केबिनमध्ये मात्र ड्रायव्हर आणि क्लीनर रात्रंदिवस असतात. तिथेच बसतात, तिथेच झोपतात. आपण तीनशे रुपयांचा थिनर वाचवायला जातो आणि जोखीम त्यांच्या उशाशी ठेवतो. त्यांना निदान ते माहीत तरी हवं.

निघण्याआधी
• पॅकर्सची मनाई यादी सहीच्या आधी वाचा.
• गॅस एजन्सीचं काम शेवटच्या दिवसावर ढकलू नका.
• विम्याच्या अटी बघा. मनाई असलेली वस्तू लपवून पाठवली, तर क्लेम अडकू शकतो.
• शंका असेल ती वस्तू खोक्यात टाकण्याआधी मुकादमाला दाखवा.