रेघेवर उगवली तीच खरी

उसाच्या फडातून जाताना पात गालाला कशी सर्रकन कापून जाते, हे वाळवा, पलूस किंवा कराडकडच्या कुणाला सांगायला नको. तीच पात डोळ्याला लागली तर? बऱ्याचदा दोन दिवस चुरचुरतं आणि थांबतं. पण कधी कधी पातीवरची किंवा मातीतली बुरशी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, कॉर्नियात, रुजते. डोळा लाल होतो, उजेड सोसवत नाही, मग पांढरट ठिपका दिसायला लागतो. आणि हा ठिपका जंतूंमुळे आलाय की बुरशीमुळे, हे नुसतं बघून अनुभवी डॉक्टरही खात्रीने सांगू शकत नाहीत. इथे गरज लागते लॅबची.

डॉक्टर डोळा बधिर करतात आणि दुधाच्या भांड्याची काढतो तशी जखमेच्या कडेची, तळाची खरवड काढतात. फक्त ती इतकी थोडी असते की नीट पाहिलं तरच दिसावी. त्यातली थोडी काचपट्टीवर घेऊन वर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. पेशी विरघळतात, बुरशीचे तंतू शाबूत राहतात. काही मिनिटांत कळतं, बुरशी आहे! पण कुठली? तिथून खरी कसरत सुरू होते.

उरलेली खरवड साबुरो अगारच्या प्लेटवर लावतात. (रेमों साबुरो हे फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ. त्यांनी बनवलेलं पेप्टोन आणि साखरेचं हे खाद्य आजही लॅबमध्ये वापरतात.) लावायची पद्धत एकदम साधी आणि भारी आहे. ‘सी’ या इंग्रजी अक्षरासारख्या रेघा ओढायच्या. हवेतले बीजाणू कुठल्याही प्लेटवर पडू शकतात, मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला तुमच्या प्लेटवरही पडले असतील. त्यामुळे ‘सी’च्या रेघेवर उगवली ती पेशंटची, रेघेबाहेर उगवली ती बहुधा हवेतली.

खाद्यात काय घालायचं, यातही मेख आहे. जंतू वाढू नयेत म्हणून अँटिबायोटिक घालतात, ते ठीक. पण नायट्याच्या नमुन्यासाठी सायक्लोहेक्झिमाइडही घालतात, त्याने फालतू बुरशी दबते. डोळ्याच्या नमुन्याला हेच घातलं तर घोटाळा होतो, कारण डोळा घालवणाऱ्या फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस याही त्यानेच दबतात. एका आजारातली ‘फालतू’ बुरशी दुसऱ्या आजारात आरोपी असते.

मग वाट बघायची. दोन-चार दिवसांत बहुतेकदा काहीतरी दिसतं, तरी प्लेट दोन-तीन आठवडे टाकून देत नाहीत. फ्युजेरियम कापसासारखी पांढरी येते, मग तिच्यावर गुलाबी-जांभळी झाक चढते. ॲस्परजिलस फ्लेव्हस पिवळसर हिरवी, नायजर तर काळी मिरी भुरभुरावी तशी. नुसत्या रंगावर मात्र कुणी सही करत नाही. पारदर्शक चिकटपट्टी अलगद टेकवायची, लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूच्या थेंबावर ठेवायची आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. निळ्या रंगात होडीसारखे, आत आडवे पडदे असलेले बीजाणू दिसले की फ्युजेरियम. दांड्याच्या टोकाला फुगीर गोळा आणि त्यावर बीजाणूंच्या माळा दिसल्या की ॲस्परजिलस. मशिनं आली आहेत, जनुकं वाचता येतात, पण बऱ्याच लॅबमध्ये आजही हे काम सरावलेल्या नजरेवरच चालतं. एक सूचना, उगवलेल्या प्लेटचं झाकण उघडून वास घेण्याचा शहाणपणा करू नका. ती सुरक्षा कॅबिनेटमध्येच उघडतात, बीजाणू थेट फुप्फुसात जातात म्हणून.

नावासाठी एवढा आटापिटा कशाला, असं वाटेल. २०१३ मध्ये दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांतल्या ३२३ पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बुरशीने झालेल्या कॉर्नियाच्या जखमेवर जुनं नॅटामायसिन, नव्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरलं, आणि हा फरक विशेषतः फ्युजेरियमच्या पेशंटमध्ये दिसला. म्हणजे कुठले थेंब घालायचे, हे त्या होडीवर ठरू शकतं.

२०२१ ची दुसरी लाट आठवते? तेव्हा म्युकरमायकोसिसला सगळे ‘काळी बुरशी’ म्हणत होते. प्लेटवर ती आधी पांढरी, मग करडी येते आणि दोन-तीन दिवसांत झाकणापर्यंत पोचते. काळं पडतं ते पेशंटचं मेलेलं मांस. तिच्या रुंद तंतूंना आडवे पडदे जवळपास नसतातच, त्यामुळे नमुना खलबत्त्यात घोटला तर तंतू फुटून मरतात आणि प्लेट रिकामी राहते. म्हणून तो बारीक कापून लावायचा. आणि काचपट्टीवर असे तंतू दिसले की प्लेटची वाट न बघता आधी सर्जनला फोन करायचा.

उसाच्या पातीकडे परत येऊ. तुमच्या घरात कुणाच्या डोळ्याला ती लागली तर डोळा चोळू देऊ नका, स्वच्छ पाण्याने धुवा, तूप किंवा दूध घालू नका. मेडिकलमधून कुठलेही थेंब आणून टाकणं तर नकोच. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली उतरते, बरं वाटतं आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि ‘काहीतरी गेलं’ असं मोघम न सांगता ‘उसाची पात लागली’ असं स्पष्ट सांगा. लॅबच्या फॉर्मवर तेवढे तीन शब्द आले, तरी तिथला माणूस साबुरोची प्लेट आधी काढून ठेवतो.