मोटारसायकलची गाळणी

सकाळी आई किंवा बाबा चहा गाळतात तेव्हा गाळणीत काय उरतं? चोथा! गाळणी नसती तर प्रत्येक घोटाला तो दातांत आला असता. तशीच एक गाळणी मोटारसायकललाही असते. तिचं नाव पेट्रोल फिल्टर. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो अंगठ्याएवढा, पारदर्शक प्लॅस्टिकचा असतो आणि त्याच्या पोटात घड्या घातलेला कागद असतो. घड्या कशाला? वहीचा एक कागद पंख्यासारखा दुमडून पाहा. थोड्या जागेत केवढा तरी कागद मावतो! म्हणजेच पेट्रोल गाळायला जागा जास्त मिळते.

आता तुम्ही विचाराल, पंपावरच्या पेट्रोलमध्ये कचरा येतो कुठून? काही कचरा तर टाकीतच तयार होतो. टाकी बहुधा पोलादी पत्र्याची असते आणि आपल्या मुंबईची हवा पडली दमट. टाकी रिकामी राहिली की तिच्यात ही हवा भरते. रात्री पत्रा गार झाला की हवेतल्या बाष्पाचे थेंब आतून धरतात आणि पत्रा गंजू लागतो. गंजाचे कण पेट्रोलबरोबर खाली निघतात. खाली असतो कार्बुरेटर. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून ते इंजिनाला पुरवणं हे त्याचं काम. त्यातल्या सर्वांत बारीक जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं. तिथं एक कण अडकला तरी गाडी रुसते. म्हणून वाटेत फिल्टरचा पहारा!

पण कचरा अडवता अडवता फिल्टरच तुंबला तर? गाडी सपाट रस्त्यावर बरी चालते. गिरगाव चौपाटीवरून मलबार हिलचा चढ लागला, की इंजिनाला पेट्रोल जास्त हवं असतं. ते पुरेसं पोचत नाही आणि गाडी गचके खाऊ लागते. मग फिल्टर बदलायची वेळ झाली असं समजावं.

हे काम मोठ्या माणसांचं आहे. मुलांनी पेट्रोलला हात लावायचा नाही, अगदी ‘फक्त धरून ठेव’ म्हटलं तरी नाही! पण ते कसं करतात हे माहीत असायला काय हरकत आहे? इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं. टाकीखालचा कॉक ‘ऑफ’वर फिरवायचा, म्हणजे पेट्रोल येणं थांबतं. फिल्टरखाली पत्र्याचा डबा ठेवायचा. पकडीनं क्लिपा सरकवून जुना फिल्टर नळ्यांतून हलकेच सोडवायचा. त्यातलं उरलेलं पेट्रोल डब्यात पडतं. ते गटारात ओतायचं नाही, झाकण लावून गॅरेजवाल्याकडे द्यायचं. नव्या फिल्टरवर एक बाण असतो. त्याचं टोक टाकीकडून कार्बुरेटरच्या दिशेनं हवं. क्लिपा बसवून कॉक उघडायचा आणि लगेच किल्ली न फिरवता पाच मिनिटं बघत राहायचं. एक थेंब जरी गळला तरी गाडी सुरू करायची नाही. नळी कडक झालेली किंवा चिरलेली असेल, तर तीही बदलायची.

पालकांना एक विनंती. हे काम चाळीच्या गॅलरीत किंवा जिन्याखाली करू नका. उणे ४० अंश सेल्सिअसच्या थंडीतही पेट्रोलची पेट घेण्याजोगी वाफ होते, मग मुंबईच्या उकाड्यात काय होईल! ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि शेजारच्या स्टोव्हपर्यंत, समईपर्यंत गुपचूप पोचते. लालबाग-परळच्या कितीतरी जुन्या चाळींना लाकडी जिने आहेत. जिन्याखाली आग लागली, तर वरच्या मजल्यांवरची माणसं उतरणार कुठून? म्हणून गाडी मोकळ्या पटांगणात न्यायची. जवळ विडी-काडी, उदबत्ती काही नको.

कधी कधी घरचा उपाय चालतच नाही. दादरजवळचा हिंदमाता परिसर खोलगट, त्यामुळे मुसळधार पावसात तिथं पाणी साचतं. गाडी अशा पाण्यात बुडाली तर टाकीत पाणी शिरू शकतं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, तर एक लिटर पेट्रोलचं साधारण पाऊण किलो. म्हणून पाणी तळाशी बसतं आणि तेच आधी नळीत उतरतं. कागदाचा फिल्टर गंज अडवतो, पण पाण्याला पूर्ण अडवू शकत नाही. अशी गाडी सुरू न करता ढकलत मेकॅनिककडे न्यावी. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ नियम लागू झाले, तेव्हापासूनच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बुरेटर नाही, इंजेक्शन आहे. त्यात पंप दाबानं पेट्रोल ढकलतो आणि फिल्टर बहुधा टाकीच्या आतच असतो. तिथं घरी हात घालायचा नाही. कॉकवर ‘ऑफ’ची खूण नसली तरीही मेकॅनिकच बरा.

मग तुम्ही काय करायचं? बाटलीत अर्धं पाणी आणि थोडं खाण्याचं तेल घ्या, बूच लावून हलवा आणि ठेवून द्या. कोण वर येतं, कोण तळाशी जातं? आणि घरी कुणी फिल्टर बदलत असेल, तर दूर उभं राहून चार प्रश्न विचारा : इंजिन गार आहे? जवळ आग नाही ना? बाण बरोबर आहे? थेंब गळत नाही ना? मोठी माणसं घाईत असली की विसरतात. तुम्ही विसरू नका!